काढ, लाव, ठेव : हातापायांनी शिकायची इंग्रजी

बसून वाचत असाल तर जरा उभे राहा, आणि उठता उठता मनातल्या मनात म्हणा, 'तत्ते'. आता बसा : 'सुवत्ते'. पुन्हा उठा, 'तत्ते'. दोन पावलं चाला : 'अरुइते'. आहात तिथंच थांबा : 'तोमत्ते'. एकदा क्रमानं झालं की उलटसुलट करून बघा. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या.

हे चार शब्द जपानी आहेत. लेख इंग्रजी शिकवण्याबद्दल असताना जपानी मध्येच कुठून आली? 'स्टँड अप' आणि 'सिट डाउन' आपल्या इतके अंगवळणी पडलेत की ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय वाटतं हे आता आपल्याला आठवणं अवघड आहे. त्या माणसाच्या जागी तुम्हाला क्षणभर उभं करायचं होतं. त्यात मी थोडी लबाडीही केली. कागदावर मला 'उभे राहा' असं मराठीत सांगावं लागलं. खऱ्या वर्गात शिक्षिका मराठीचा एक शब्द न वापरता 'तत्ते' म्हणत स्वतः उठली असती आणि तिचं पाहून तुम्हीही उठला असतात. दोन-तीनदा असं झाल्यावर ती नुसतीच म्हणाली असती आणि जागची हलली नसती. तुम्ही उठलात तर शब्द कळला, बसून राहिलात तर अजून नाही. अर्थ सांगणं आणि तो कळला की नाही हे तपासणं, दोन्ही कामं एकाच हालचालीत उरकतात.

या पद्धतीचं नाव 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स', शिक्षकांच्या तोंडी नुसतं 'टीपीआर'. मराठीत म्हणायचं तर सर्वांगानं दिलेलं उत्तर. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथले मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. त्यांनी सुरुवातीला जे प्रयोग केले ते रशियन आणि जपानी या भाषांवर. शिरो कुनिहिरा यांच्याबरोबरचा जपानीवरचा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटानं आज्ञा ऐकून शिकवणाऱ्यासोबत कृती केली. बाकीच्यांनी बसून पाहिलं, किंवा भाषांतर ऐकलं, वाचलं. कृती करणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं.

ॲशर यांचा युक्तिवाद कुठल्याही आईला पटेल असा आहे. मूल बोलायला लागतं त्याच्या कितीतरी आधी त्याला कळायला लागतं. 'चेंडू आण' म्हटलं की ते आणतं, 'डोळे मिट' म्हटलं की मिटतं, 'बाबा कुठायत?' म्हटलं की बोट दाखवतं. तोंडातून अजून धड शब्दही फुटलेला नसतो. त्या वयात मुलाशी जे बोललं जातं त्यात 'हे कर, ते नको करू' खूप असतं आणि त्याचं उत्तर अंगानंच येतं. मूल बोलत नाही म्हणून त्याला कोणी नापास करत नाही. परक्या भाषेच्या वर्गात मात्र पहिल्याच दिवशी 'रिपीट आफ्टर मी' सुरू होतं. कानात अजून काही पडलेलं नसतं, आणि तोंडाकडून वसुली चालू. ॲशर यांनी हा क्रम फिरवला : आधी कान, मग हातपाय, तोंड सगळ्यात शेवटी. अशा वर्गांत साधारण पहिले १० ते २० तास बोलायची सक्तीच नसते.

मला विचाराल तर या पद्धतीचा निम्मा गुण या एका गोष्टीत आहे. चुकीचा उच्चार सगळ्या वर्गाला ऐकू जातो. चुकीच्या खुर्चीकडे निघालेला पाय मात्र अर्ध्या वाटेत गुपचूप वळवता येतो.

पाठ केलेल्या २४८ क्रियापदांचं काय झालं

ही कल्पना ॲशर यांच्यापेक्षा बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स्वा ग्वाँ नावाचे लॅटिनचे एक फ्रेंच शिक्षक जर्मन शिकायला हॅम्बुर्गला गेले. लॅटिन जशी शिकतात तशीच जर्मन शिकू असं त्यांनी ठरवलं. खोलीत कोंडून घेतलं आणि व्याकरणाचं पुस्तक व २४८ अनियमित क्रियापदं दहा दिवसांत पाठ केली. मोठ्या दिमाखात व्याख्यान ऐकायला गेले, आणि एक शब्द कळला नाही. परत खोलीत. आता शब्दांचे धातू पाठ. पुन्हा बाहेर, पुन्हा तेच. शेवटी या गृहस्थांनी शब्दकोशच हातात घेतला आणि महिन्याभरात ३०,००० शब्द डोक्यात कोंबले. निकाल जिथल्या तिथे. इतक्या चिकाटीनं चुकीचा रस्ता धरणाऱ्या माणसाचं मला हसू येतं आणि कौतुकही वाटतं.

घरी परतले तेव्हा नात्यातलं तीन वर्षांचं पोर चुरूचुरू बोलायला लागलेलं. ते एकदा गिरणी बघून आलं आणि मग गिरणी-गिरणी खेळण्यात रमलं. पोती भरायची, वाहून न्यायची, ओतायची, आणि प्रत्येक गोष्ट करताना तोंडानं तेच त्याच क्रमानं सांगत राहायचं. ग्वाँ यांना तिथं उत्तर सापडलं. १८८० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातले धडे अशाच माळा आहेत. दाराकडे चालतो, दाराजवळ पोचतो, थांबतो, हात पुढे करतो, मूठ धरतो, मूठ फिरवतो, दार उघडतो. एवढंसं दार, पण त्यात केवढी तरी क्रियापदं दडलेली असतात.

पुढे हॅरल्ड पामर या इंग्रज भाषातज्ज्ञांनीही हीच वाट धरली. १९२२ मध्ये ते जपानला गेले आणि कृतींतून इंग्रजी शिकवण्यावरचं त्यांचं पुस्तक १९२५ मध्ये तोक्योत निघालं. म्हणजे ॲशर येण्याआधीच ही कल्पना दोनदा तरी नव्यानं सुचून झाली होती. ती पुन्हा पुन्हा का सुचावी, याचं उत्तर मला मराठीतल्या एका साध्या क्रियापदात दिसतं.

एक 'काढ', किती इंग्रजी शब्द?

आपण बूट काढतो, पिशवीतून पेन काढतो, चित्र काढतो, फोटो काढतो, झालंच तर कुणाची आठवणही काढतो. आठवण राहू द्या, ती हातानं काढता येत नाही. उरलेल्यांना इंग्रजीत 'टेक ऑफ', 'टेक आउट', 'ड्रॉ' आणि 'टेक' असे वेगवेगळे शब्द लागतात. 'लाव'चंही तेच. दार लाव म्हणजे 'शट', दिवा लाव म्हणजे 'स्विच ऑन', पाकिटावर तिकीट लाव म्हणजे 'स्टिक', जखमेला मलम लाव म्हणजे 'अप्लाय'. आता वहीत डाव्या बाजूला 'टेक आउट' आणि उजव्या बाजूला 'काढणे' असं लिहून पाठ करणारं मूल उद्या 'टेक आउट युअर शूज' म्हणणारच. चूक त्याची नाही, वहीतल्या त्या दोन रकान्यांची आहे.

हात मात्र असा कधी गोंधळत नाही. बूट काढताना तो अंगावरची वस्तू अंगापासून वेगळी करतो. पेन काढताना तो आत जाऊन वस्तू घेऊन बाहेर येतो. 'ऑफ' आणि 'आउट' यांच्यातला सगळा फरक त्या दोन हालचालींत आहे, आणि 'काढणे' या एका मराठी शब्दात तो बुजून जातो. भाषांतर शब्दाला शब्दाशी बांधतं. हालचाल शब्दाला थेट घडणाऱ्या गोष्टीशी बांधते, मधला मराठी दलाल वगळून. वर्गात मुलांना हलवायचं ते यासाठी. त्यांचा कंटाळा जावा, रक्त खेळतं राहावं, हे सगळं ठीक आहे, पण ते काम मधल्या सुट्टीतही होतं.

'वर' घ्या. पुस्तक टेबलावर आहे, दिवा टेबलाच्या वर आहे, चेंडू टेबलावरून गेला : आपलं 'वर'मध्ये भागतं. इंग्रजीत पहिल्याला 'ऑन', दुसऱ्याला बहुतेक वेळा 'अबव्ह', तिसऱ्याला 'ओव्हर'. याचे नियम सांगायला बसलात तर फळा भरेल. त्यापेक्षा 'पुट युअर हँड ऑन द टेबल' म्हणा, हात टेकवा. 'होल्ड युअर हँड अबव्ह द टेबल' म्हणा, हात अधांतरी धरा. 'थ्रो द बॉल ओव्हर द टेबल' म्हणा, आणि चेंडू कुणाच्या चष्म्यावर जाणार नाही एवढं बघा.

वाक्यातल्या शब्दांच्या क्रमाची गोष्ट तर याहून मजेची आहे. 'खिडकीजवळच्या खुर्चीवर लाल पुस्तक ठेव' असं आपण म्हणतो तेव्हा काय करायचं ते अगदी शेवटी कळतं. ऐकणारा 'ठेव' येईपर्यंत खोळंबलेला असतो, कारण त्या जागी 'शोध' किंवा 'आपट'सुद्धा येऊ शकतं. इंग्रजीत 'पुट द रेड बुक ऑन द चेअर निअर द विंडो'. पहिल्याच शब्दाला हात कामाला लागतो, मग पुस्तक सापडतं, मग नजर खुर्चीकडे जाते, आणि कुठली खुर्ची हा खुलासा सगळ्यात शेवटी. म्हणजे मराठीत खिडकी, खुर्ची, पुस्तक, ठेव. इंग्रजीत ठेव, पुस्तक, खुर्ची, खिडकी. चक्क उलटी माळ. हा नियम समजायला एक मिनिट पुरतं, पण कानाला त्याची सवय व्हायला वीस-तीस वेळा उठून पुस्तक ठेवावं लागतं. आज्ञांच्या खेळात ते आपोआप होतं, कारण वाक्य ऐकता ऐकताच अंग त्याच्यामागून चालत असतं.

वर्गात काय चालतं

सुरुवात दोन-तीन शब्दांनीच. शिक्षिका दोन विद्यार्थ्यांना पुढे बोलावते, आज्ञा देते आणि त्यांच्यासोबत स्वतः करते. मग बोलते पण करत नाही. मग क्रम बदलते. हे जमलं की आणखी दोन-तीन शब्द. तासाभरात १२ ते ३६ नवे शब्द पचू शकतात असा ॲशर यांचा अंदाज होता. मी असतो तर १२ वरच थांबलो असतो. छत्तीस ऐकूनच माझे पाय दुखायला लागतात.

खरी गंमत त्यानंतर आहे. मुलांना 'वॉक टू द डोअर' येतं आणि 'टच युअर नोज' येतं. आता शिक्षिका म्हणते, 'टच द डोअर'. जमलं. मग म्हणते, 'टच द डोअर विथ युअर नोज'. क्षणभर शांतता, मग कुणीतरी हसतं आणि दाराकडे निघतं. हे वाक्य त्या मुलानं जन्मात कधी ऐकलं नव्हतं, तरी त्याला ते कळलं. पाठांतराला हे शक्य नाही. पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं आलं तरच ओळखू येतं, एक शब्द इकडचा तिकडे झाला की हरवतं. म्हणून ओळखीच्या तुकड्यांतून अनोळखी वाक्य जुळवणं यावर ॲशर यांचा भर होता. ज्या वर्गात रोज त्याच दहा आज्ञा त्याच क्रमानं चालतात तिथं कवायत चांगली होते, इंग्रजी पुढे सरकत नाही.

आणखी एक गोष्ट नवीन शिक्षकांना हमखास फसवते. सगळा वर्ग एका वेळी उठला की वाटतं, आलं सगळ्यांना. प्रत्यक्षात चार जणांना आलेलं असतं आणि बाकीचे शेजाऱ्याकडे बघून उठलेले असतात. कळलंय कुणाला हे शोधायचे साधे उपाय आहेत. मुलांना डोळे मिटायला सांगा आणि मग आज्ञा द्या. एका रांगेला एक आज्ञा आणि दुसऱ्या रांगेला दुसरी द्या. किंवा तोंडानं 'टच युअर इअर' म्हणा आणि स्वतः गुडघ्याला हात लावा. गुडघा धरणारे लगेच सापडतात. त्यांना ओरडायचं मात्र नाही, त्यांच्यासाठी तो शब्द पुन्हा करायचा.

आज्ञांमध्ये व्याकरण कुठे आहे, असा आक्षेप हमखास येतो. बरंच आहे. 'इफ द बॉल इज रेड, पिक इट अप' यात अट आली. 'टच द पर्सन हू क्लॅप्ड' यात 'जो-तो'चं वाक्यही आलं आणि भूतकाळही. 'डोन्ट सिट डाउन अंटिल आय क्लॅप' हे कळून तसंच वागणारा विद्यार्थी 'अंटिल'ची व्याख्या सांगू शकणार नाही कदाचित, पण 'अंटिल' त्याला आलेला असतो.

काळ शिकवायला जमिनीवर एक दोरी टाका. एक टोक मागचं, मधली गाठ म्हणजे आज. 'आय लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणताना मागून चालत यायचं आणि गाठीच्या अलीकडेच दोरीवरून बाजूला उतरायचं. संपलं ते राहणं. 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणताना चालत गाठीपर्यंत यायचं आणि तिथंच उभं राहायचं. अजून राहतोच आहे. 'हॅव' कुठे आलं आणि का आलं हे पायाखाली दिसतं. काळांचे तक्ते घोकून दमलेल्या मोठ्या माणसांसोबतही ही दोरी चालते.

शब्दातल्या आघातासाठीही पाय उपयोगी पडतो. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं शब्द बदलत नाही, त्यामुळे आपण इंग्रजी सरळ एका पट्टीत बोलून जातो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. जोराच्या अक्षराला पाय आपटून तिन्ही शब्द म्हणून बघा. जागा बदललेली कानाआधी टाचेला कळते.

काही दिवसांनी मुलांनी आज्ञा द्यायच्या आणि शिक्षिकेनं पाळायच्या. तोंड उघडायला याच्याइतकं चांगलं कारण मी पाहिलेलं नाही. मोठ्या माणसाला नाचवायला मिळणार म्हटल्यावर गप्प बसणारंही पुढे येतं.

मध्येच एक प्रश्न. 'सुवत्ते' म्हणजे काय? आठवताना आधी मराठी शब्द आला, की गुडघ्यांना काहीतरी जाणवलं?

मेंदूचं म्हणणं

या पद्धतीच्या बाजूनं बोलताना उजव्या आणि डाव्या मेंदूचा दाखला हटकून दिला जातो. ॲशर यांनीही दिला होता : हालचाल उजव्या अर्ध्यात, बोलणं डाव्यात, म्हणून उजव्या वाटेनं आत शिरा. मेंदूची अशी सरळ फाळणी आज कुणी मानत नाही. दुसरा लाडका दाखला म्हणजे काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हलून, आणि ही पद्धत त्या हलणाऱ्यांसाठी. प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे शिकवल्यानं जास्त शिकलं जातं, याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी जुनी संशोधनं तपासून सांगितलं. हे दोन्ही दाखले सोडून दिले तरी पद्धतीचं काही बिघडत नाही, कारण हालचालीचा उपयोग एका जातीच्या मुलांपुरता नाहीच मुळी.

भक्कम पुरावा दुसरीकडून येतो. 'पेन्सिल मोड', 'दार ठोठाव' अशी वाक्यं नुसती ऐकली किंवा वाचली यापेक्षा ती प्रत्यक्ष करून पाहिली की जास्त लक्षात राहतात, हे १९८० च्या सुमारास जर्मनीतल्या योहानेस एंगेलकांप आणि इतरांनी दाखवलं. ते पुढे अनेकदा पडताळूनही झालं. २००४ मध्ये ओलाफ हाउक आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की 'लिक', 'पिक', 'किक' अशी क्रियापदं नुसती वाचतानाही मेंदूतले तोंड, हात आणि पाय हलवणारे भाग किंवा त्यांच्या शेजारचे भाग जागे होतात. यावरून हलल्याशिवाय अर्थ कळत नाही असं मात्र म्हणता येत नाही. पलंगावर पडून वाचणाऱ्यालाही 'किक' कळतोच.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाचा निष्कर्ष मानुएला माचेदोनिया यांच्या प्रयोगांतला आहे. त्यांनी मुद्दाम बनवलेल्या भाषेतले शब्द माणसांना शिकवले. काही शब्दांना अर्थाशी जुळणारे हावभाव जोडले, काहींना नुसतेच निरर्थक हातवारे. अर्थाचे हावभाव जोडलेले शब्द जास्त लक्षात राहिले. स्पेन्सर केली यांच्या २००९ च्या प्रयोगात जपानी क्रियापदांना जुळणारा हावभाव दाखवला तेव्हा फायदा झाला, पण विसंगत हावभावानं उलट अडथळा आला. म्हणजे उड्या मारत स्पेलिंग म्हणणं, टाळ्या वाजवत शब्दांची यादी म्हणणं यात घाम जातो, पण अर्थाला हात लागत नाही. 'जंप' शिकताना उडी मारा. 'स्लीप' शिकताना उडी मारून काय मिळणार?

हुरूप थोडा आवरणारा निष्कर्षही सांगायला हवा. जर्मनीतल्या आठ वर्षांच्या मुलांना इंग्रजी शब्द शिकवताना एका वेळी हावभाव वापरले, एका वेळी चित्रं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नुसतं ऐकण्यापेक्षा दोन्ही सरस ठरले आणि फायदा काही महिने टिकला, पण हावभाव चित्रांच्या पुढे गेले नाहीत. तेव्हा भिंतीवरची चित्रं उतरवायचं कारण नाही.

कुठे अडतं

'प्रामाणिकपणा' हातानं करून दाखवा बघू. 'अर्थव्यवस्था'? 'जरी' आणि 'तरी'? अशा शब्दांना ओढूनताणून अभिनय जोडला की तास दमशेराजचा होतो. मुलं तर्क लढवतात आणि चुकीचा अर्थ पक्का करून घरी जातात. तिथं सरळ मराठीत सांगावं आणि पुढे जावं. कृतीचा आग्रह कृतीच्या शब्दांपुरता, वस्तूंपुरता आणि जागा-दिशा-काळ यांच्यापुरता ठेवला तर शिकण्याचे पहिले कित्येक महिने त्यातच जातात. आपली पद्धत इतर पद्धतींच्या जोडीनं वापरावी, असं ॲशर यांचंही म्हणणं होतं.

आज्ञांचा कंटाळाही येतो. ब्लेन रे हे कॅलिफोर्नियात स्पॅनिश शिकवणारे शिक्षक ॲशर यांची पद्धत वापरायचे. नुसत्या हुकमांवर वर्ग फार काळ तग धरत नाही हे पाहून त्यांनी त्यात गोष्टी आणल्या. विद्यार्थी पात्रं होतात, शिक्षक विचारत विचारत गोष्ट पुढे नेतो. त्या मार्गाचा पसारा आता स्वतंत्र झाला आहे, त्याच्यावर पुन्हा कधी.

सभ्यतेचा पेच मराठी माणसाला विशेष लागू आहे. आपला आदर क्रियापदाच्या पोटात असतो : ये, या, यावं. इंग्रजीचं 'कम' लहानाला तेच आणि थोराला तेच. आदर बाहेरून जोडावा लागतो, 'प्लीज' म्हणून, 'कुड यू' म्हणून. महिनाभर नुसत्या आज्ञा ऐकलेला विद्यार्थी परक्या माणसाला 'गिव्ह मी वॉटर' म्हणतो आणि समोरचा का दुखावला हे त्याला कळत नाही. यावर खेळातच उपाय आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून नियम करायचा की 'प्लीज' किंवा 'कुड यू' असेल तरच हलायचं, नुसत्या हुकमावर जो हलेल तो बाद. एरवी 'प्लीज' कानाआड करणारी मुलं आता तेच एक ऐकायला टपून बसतात.

मोठ्यांना संकोच होतो, आणि त्यांना नाकावर हात ठेवून वर्गभर फिरवायची गरजही नाही. कागदाची घडी घालणं, नकाशावर बोट फिरवणं, टेबलावरच्या वस्तू हलवणं यातही तेवढीच क्रियापदं आहेत. जागा कमी असेल तर बाकावर दोन बोटं चालवायची, 'वॉक', 'टर्न लेफ्ट', 'स्टॉप'. ज्याला उठता येत नाही त्यानं वस्तू हलवावी, नजरेनं दाखवावी, किंवा आज्ञा देणारा व्हावं. सर्वांग हे नावापुरतं आहे. ऐकलेल्या शब्दावर अंगाचा कुठलाही भाग अर्थानं हलला की काम झालं.

सुरुवात करायची असेल तर तासाची पहिली दहा मिनिटं पुरेत. आज्ञा आदल्या रात्री लिहून ठेवा, कारण वर्गासमोर उभं राहिल्यावर 'स्टँड अप', 'सिट डाउन' यांच्यापलीकडे काही सुचत नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत मुलांचे हात हलायला लागले की तो शब्द झाला, पुढचा घ्या. हालचाल नुसती दंग्यासाठी व्हायला लागली की आवरतं घ्या, शेवटची आज्ञा हळू आवाजात द्या, म्हणजे ऐकण्यासाठी सगळे गप्प होतात.

तोमत्ते.